प्रिंटरचा पत्ता: रुमाल टाकायचा की रिझर्वेशन करायचं?

(या भागाची ही लेखी आवृत्ती. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय. ज्यांना इयरफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी.)

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. ऑफिसमधला प्रिंटर. एआय नाही, नवीन फोन नाही, प्रिंटर. तोही अख्खा नाही, फक्त त्याचा नेटवर्कवरचा पत्ता. पण या पत्त्यापायी एका पोराची नोकरी जाता जाता राहिली, आणि चूक माझी होती. त्यामुळे हा भाग करणं मला भागच होतं.

मामाचा फोन

जुलैचा शेवटचा आठवडा. दुपारी मामाचा फोन. मामाचं कराडला टॅक्स कन्सल्टंटचं छोटं ऑफिस आहे. चार कॉम्प्युटर, एक वाय-फाय राउटर आणि सगळ्यांत मिळून एक लेझर प्रिंटर. ३१ जुलै ही साधारणपणे पगारदार आणि पेन्शनवाल्यांची रिटर्न भरायची शेवटची तारीख. रिटर्न ऑनलाइन भरतात हे खरं, पण लोकांना हातात कागद लागतो. हिशोबाचा कागद, भरल्याची पोचपावती. निवृत्त मास्तर मंडळी ते फाइलला लावल्याशिवाय खुर्चीवरून उठत नाहीत.

मामा म्हणाला, "अरे, तुझा तो प्रिंटर परत ऑफलाइन. बाहेर सात जण बसलेत. आणि ह्या पोरानं हात लावला की बिघडतोच बघ."

मागून आवाज आला, "सर, मी फक्त बंद करून चालू केला हो."

हे 'पोरगं' म्हणजे ऑफिसमधला वीस-बावीस वर्षांचा मुलगा. फायली लावणं, झेरॉक्स, चहा, बँकेची कामं, सगळं तोच बघतो. प्रिंटर अडला की रीस्टार्ट करायला तोच जातो. साहजिकच, प्रिंटर बिघडलेला असताना त्याच्याजवळ नेहमी तोच उभा दिसतो. मामानं त्यावरून निष्कर्ष काढला होता. सीझन संपला की याला बदलू, इथपर्यंत विचार गेला होता. एक दुरुस्तीवाला येऊन 'नेटवर्कचा बोर्ड गेलाय, साडेसहा हजार लागतील' असंही सांगून गेला होता.

बोर्ड ठणठणीत होता. पोरगंही बरोबर होतं. गडबड पत्त्याची होती, आणि तो पत्ता मे महिन्यात मीच घातला होता.

प्रिंटरला पत्ता लागतो कशाला?

पूर्वी प्रिंटर एका कॉम्प्युटरला वायरनं जोडलेला असायचा. वायर हाच पत्ता. चार जणांना एकच प्रिंटर वापरायचा असला की प्रश्न सुरू होतो.

गंमत म्हणजे ऑफिसातलं नेटवर्क जन्माला आलं त्यामागे एक मोठं कारण हेच होतं. आपण 'झेरॉक्स काढून आण' म्हणतो ना, त्याच झेरॉक्स कंपनीची कॅलिफोर्नियात पालो आल्टोला संशोधन संस्था होती. तिथं गॅरी स्टार्कवेदर लेझर प्रिंटरवर काम करत होते. असला महागडा प्रिंटर प्रत्येक टेबलावर ठेवणं शक्य नव्हतं. मग बऱ्याच कॉम्प्युटरना तो एकत्र वापरता यावा म्हणून जोडणी हवी होती. १९७३ साली बॉब मेटकाफ यांनी तिथंच इथरनेटची कल्पना मांडली. आज राउटरच्या मागे जी केबल खोचता, ती त्याच इथरनेटची नातवंडं.

आता आजच्या भाषेत. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला आयपी ॲड्रेस लागतो. चार आकडे, मध्ये टिंबं. उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०५. घरात आणि छोट्या ऑफिसात बहुतेक ठिकाणी सुरुवात १९२.१६८ नं होते, कारण हे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेत. माझ्या घरात १९२.१६८.१.५ असू शकतो आणि तुमच्याही घरात. जसा 'खोली नंबर पाच' प्रत्येक लॉजमध्ये असतो. लॉजच्या आत तो एकच पाहिजे, बाहेर कितीही असोत.

छोट्या नेटवर्कमध्ये शेवटचा आकडा तेवढा बदलतो, १ ते २५४. त्यातला एक राउटर स्वतः घेतो, बहुतेकदा १. उरलेले कॉम्प्युटर, फोन, टीव्ही, सीसीटीव्ही आणि प्रिंटर यांच्यात वाटले जातात.

वाटतं कोण? राउटर. या वाटपाच्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात, म्हणजे डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल. १९९३ साली ही पद्धत आली आणि १९९७ च्या तिच्या सुधारित नियमांवर आजही जग चालतंय. तुमचा फोन वाय-फायला जोडला की सेकंदाच्या आत चार वाक्यांचं संभाषण होतं. फोन ओरडतो, "कोणी पत्ता देतं का?" राउटर म्हणतो, "हा घे, १०७." फोन म्हणतो, "बरं, १०७ माझा." राउटर म्हणतो, "ठीक, लिहून घेतलं."

ते 'लिहून घेतलं' महत्त्वाचं आहे, पुढे लागणार आहे.

पत्ता कायमचा मिळत नाही, भाड्यानं मिळतो. त्याला लीज म्हणतात. बऱ्याच राउटरवर ती २४ तासांची असते. निम्मी मुदत झाली की यंत्र आपणहून विचारतं, "अजून राहू का?" राउटर हो म्हणतो आणि मुदत पुन्हा नव्यानं सुरू होते. यंत्र बंद असलं, विचारलंच नाही, तर मुदत संपते आणि तो पत्ता दुसऱ्या कुणालाही मिळू शकतो.

पहिला घोळ: पत्ता बदलला

फोनसाठी हे झकास आहे. तुमच्या फोनचा आकडा आज १०७ आणि उद्या ११२ झाला तर कुणाचं काही अडत नाही, कारण फोनच दुसऱ्यांकडे जातो, फोनकडे कुणी येत नाही. प्रिंटरचं उलटं. प्रिंटर एका जागी बसतो आणि सगळे त्याच्याकडे येतात. दुकानानं रोज गाळा बदलला तर गिऱ्हाईक कुठं जाणार?

विंडोजमध्ये प्रिंटर जोडताना बऱ्याचदा 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' तयार होतो. त्या पोर्टमध्ये प्रिंटरचा पत्ता लिहिलेला असतो. कॉम्प्युटर डोळे मिटून त्या पत्त्यावर कागद पाठवतो. तिथं कुणी नसलं, किंवा भलताच कुणी असला, की स्क्रीनवर येतं 'ऑफलाइन'.

'ऑफलाइन' म्हणजे प्रिंटर बंद पडलाय असं नाही. त्याचा अर्थ एवढाच, की माझ्याकडे लिहिलेल्या पत्त्यावर तो मला सापडत नाहीये. प्रिंटर समोर हिरवा दिवा लावून मजेत बसलेला असतो.

मे महिन्यात मामाकडे हेच झालं. घरातलं लग्न, म्हणून ऑफिस सहा दिवस बंद. प्रिंटर बंद, लीज संपली. ऑफिस उघडल्यावर पत्ते नव्यानं वाटले गेले आणि प्रिंटरला १०५ मिळाला. कॉम्प्युटरमध्ये जुनाच लिहिलेला. चारही कॉम्प्युटरवर ऑफलाइन.

तुम्ही म्हणाल, मग आधी दीड-दोन वर्षं कसं चाललं? तर राउटर शक्यतो जुन्या यंत्राला जुनाच पत्ता परत देतो, तो मोकळा असला तर. त्यामुळे महिनोन्महिने सगळं सुरळीत चालतं आणि आपल्याला वाटतं पत्ता पक्का आहे. तो पक्का नसतो. तोपर्यंत दुसऱ्या कुणाला मिळालेला नसतो, एवढंच.

माझी हुशारी: रुमाल टाकला

मी तेव्हा कराडलाच होतो, लग्नाला गेलो होतो. भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, म्हटल्यावर काम माझ्याकडेच आलं. मी प्रिंटरच्या छोट्या स्क्रीनवर गेलो, नेटवर्क सेटिंग उघडलं, 'ऑटोमॅटिक' होतं ते 'मॅन्युअल' केलं, आणि त्या क्षणी जो पत्ता दिसत होता तोच, म्हणजे १९२.१६८.१.१०५, हातानं पक्का केला. चारही कॉम्प्युटरमध्ये १०५ टाकला. पाच मिनिटांत प्रिंट आली. मामानं कौतुक केलं, मामीनं वाटीभर श्रीखंड दिलं.

याला स्टॅटिक आयपी म्हणतात. प्रिंटर आता राउटरला काही विचारणार नाही, १०५ वरच बसणार. कुठं चुकलं?

एसटीचा विचार करा. स्टँडवर गाडी लागली की आपण खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो. जागा आपली! पण कंडक्टरच्या चार्टवर त्या सीटचं रिझर्वेशन दुसऱ्याच्या नावावर असेल तर? तो माणूस तिकीट घेऊन येतो आणि भांडण सुरू होतं. कंडक्टरला तुमच्या रुमालाचं काही देणंघेणं नाही. त्याच्या चार्टवर तो नाहीच.

राउटर म्हणजे कंडक्टर. मामाच्या राउटरचा वाटपाचा पट्टा होता १०० ते १९९. याला पूल म्हणतात. मी प्रिंटरला हातानं दिलेला १०५ या पूलच्या आतला होता, आणि राउटरला मी काहीच सांगितलं नव्हतं. म्हणजे मी रुमाल टाकला होता. प्रिंटरची जुनी लीज संपली आणि राउटरच्या वहीत १०५ 'मोकळा' म्हणून नोंदला गेला.

दुसरा घोळ: एका सीटवर दोघं

जूनमध्ये काही झालं नाही. जुलैमध्ये मामानं सीझनसाठी एक ट्रेनी मुलगी घेतली. ती स्वतःचा लॅपटॉप आणायची. आणि जुलैतच प्रिंटर लहरी झाला. कधी दिवसभर चालायचा, कधी अजिबात नाही. मामाच्या कॉम्प्युटरवरून प्रिंट जायची आणि त्याच मिनिटाला शेजारच्या टेबलावर ऑफलाइन.

मी पुण्यात. व्हिडिओ कॉल लावला तो त्या मुलाला. मामा गिऱ्हाइकांत अडकलेला. मी विचारलं, "कधी चालतो आणि कधी नाही, काही लक्षात आलंय का?"

तो जरा थांबला, मग हळू आवाजात म्हणाला, "दादा, नव्या मॅडम उशिरा आल्या की चालतो. लवकर आल्या की नाही चालत. पण सरांना कसं सांगू, मॅडमचं नाव घेतोय असं वाटंल."

मंडळी, यापेक्षा चांगला बग रिपोर्ट मला कंपनीतसुद्धा क्वचित मिळतो.

मग आम्ही एक प्रयोग केला. तुम्हीही करू शकता. प्रिंटरचा प्लगच काढून टाकला. आता १०५ वर कुणीच नसायला हवं. मामाच्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पिंग' आणि पुढे प्रिंटरचा पत्ता, अशी कमांड दिली. पिंग म्हणजे दार वाजवणं. उत्तर आलं नाही. पण उत्तर न येण्याचे विंडोजवर दोन प्रकार असतात आणि फरक तिथंच कळतो. आपल्याच नेटवर्कमधल्या पत्त्यावर खरंच कुणी नसेल, तर येतं 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल'. घरात कुणी आहे पण दार उघडत नाहीये, म्हणजे फायरवॉलनं पिंग अडवलंय, तर येतं 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. आम्हाला दुसरं आलं. म्हणजे प्रिंटरचा प्लग काढलेला असूनही १०५ मध्ये कुणीतरी राहत होतं.

लगेच 'एआरपी' आणि पुढे 'डॅश ए' अशी कमांड दिली. तिथं पत्त्यांची यादी दिसते, आणि प्रत्येक पत्त्यासमोर मॅक ॲड्रेस. हा ॲपलचा मॅक नव्हे. प्रत्येक नेटवर्क यंत्राला कारखान्यातच मिळालेला ओळख क्रमांक, दोन-दोन आकडे-अक्षरांच्या सहा जोड्यांचा. आयपी म्हणजे खोलीचा नंबर, मॅक म्हणजे माणसाचा आधार नंबर. १०५ समोरचा मॅक प्रिंटरचा नव्हता. तो ट्रेनीच्या लॅपटॉपचा निघाला.

आता सगळं जुळलं. ती साडेनऊला यायची, प्रिंटर साडेदहाला पहिल्या प्रिंटच्या वेळी चालू व्हायचा. सकाळी लॅपटॉपनं पत्ता मागितला, राउटरनं वहीत बघून १०५ दिला, आणि प्रिंटर बंद असल्यानं आक्षेप घ्यायला कुणी नव्हतं. तासाभरानं प्रिंटर उठला आणि म्हणाला १०५ मीच. एका सीटवर दोघं. ज्या दिवशी ती उशिरा यायची त्या दिवशी प्रिंटर आधीच बसलेला असायचा. पत्ता घेण्याआधी तिथं कुणी आहे का, हे तपासायची सोय डीएचसीपीत आहे. त्यामुळे त्या दिवशी लॅपटॉपला दुसरा आकडा मिळायचा आणि सगळं सुरळीत चालायचं.

मग एकाच वेळी एका टेबलावरून प्रिंट आणि दुसऱ्यावरून ऑफलाइन, ते कसं? कॉम्प्युटरला कागद पाठवायच्या आधी ओरडून विचारावं लागतं, "१०५ कोण?" याला एआरपी म्हणतात. दोघंही "मी, मी" म्हणतात. ज्याचं उत्तर धरलं जाईल त्याचा मॅक कॉम्प्युटर थोडा वेळ लक्षात ठेवतो. मामाच्या कॉम्प्युटरनं प्रिंटरचं धरलं, शेजारच्यानं लॅपटॉपचं. आणि ट्रेनी स्वतःच्या लॅपटॉपवरून प्रिंट द्यायची, तेव्हा लॅपटॉप स्वतःच १०५ असल्यानं ती प्रिंट स्वतःलाच पाठवायचा. ती कधीच निघणार नव्हती.

त्या पोरानं रीस्टार्ट केला की काही वेळा चालायचा, तेही यामुळंच. चालू होताना प्रिंटरनं आपलं नाव पुकारलं की काही कॉम्प्युटर पुन्हा त्याच्याकडे वळायचे. म्हणजे तो बिघडवत नव्हता, उलट त्याच्या रीस्टार्टमुळेच थोडं तरी काम चालत होतं.

मग बरोबर काय? कंडक्टरच्या चार्टवर नाव

उपाय फुकट आहे आणि पंधरा मिनिटांचा. पत्ता प्रिंटरवर पक्का करायचा नाही, राउटरवर करायचा. याला डीएचसीपी रिझर्वेशन म्हणतात. राउटरला सांगायचं, "हा मॅक ॲड्रेस आला की त्याला हाच पत्ता, आणि हा पत्ता दुसऱ्या कुणाला नाही." पायऱ्या अशा:

१. प्रिंटरवरून नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान छापा. सेटिंगच्या मेनूत 'रिपोर्ट'मध्ये ते मिळतं. त्यावर मॅक ॲड्रेस असतो. सांभाळून, केबलचा आणि वाय-फायचा मॅक वेगवेगळा असतो. प्रिंटर ज्यानं जोडलाय त्याचाच घ्या. माझ्या बघण्यात सगळ्यांत जास्त चुका इथंच होतात.

२. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून लॉगिन करा. डीएचसीपीच्या पानावर 'ॲड्रेस रिझर्वेशन' किंवा 'स्टॅटिक लीज' असं काहीतरी असेल. काही राउटरवर 'आयपी-मॅक बाइंडिंग' नावाचं वेगळं पान असतं. नावावरून तेच वाटतं, पण त्याचं काम दुसरं असू शकतं. डीएचसीपीच्या पानावरचाच पर्याय वापरा.

३. मॅक भरा, पत्ता निवडा. काही राउटर पूलच्या आतलाच पत्ता घेतात, काहींना बाहेरचाही चालतो. दोन्ही ठीक, कारण आता नोंद राउटरच्याच वहीत आहे. आम्ही २० घेतला, लक्षात ठेवायला सोपा.

४. प्रिंटरवर जाऊन 'मॅन्युअल' काढून परत 'ऑटोमॅटिक' किंवा 'डीएचसीपी' करा. ही पायरी विसरलात तर प्रिंटर राउटरला विचारणारच नाही आणि रिझर्वेशन वहीत पडून राहील.

५. प्रिंटर बंद-चालू करा, पान पुन्हा छापा, नवा पत्ता आलाय का बघा.

६. प्रत्येक कॉम्प्युटरवर प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये 'पोर्ट्स' उघडा आणि नवा पत्ता घाला. प्रिंटर काढून परत जोडायची गरज नाही. पत्ता बरोबर असून, पिंगला उत्तर येत असूनही 'ऑफलाइन' दिसत असेल, तर तिथंच पोर्टच्या सेटिंगमध्ये 'एसएनएमपी स्टेटस' नावाची खूण काढून बघा. विंडोज त्या मार्गानं प्रिंटरची खुशाली विचारतं, आणि उत्तर आलं नाही की प्रिंटर ऑफलाइन समजतं.

७. प्रिंटरवर चिठ्ठी चिकटवा: पत्ता, मॅक, तारीख. तिचा फोटो ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. कारण राउटर बदलला की त्यातली वही नव्या राउटरकडे आपोआप जात नाही. नव्या राउटरची सुरुवातच वेगळी असू शकते, १९२.१६८.१ च्या जागी १९२.१६८.०. त्या दिवशी ही चिठ्ठी लागेल.

मग स्टॅटिक आयपी वाईटच का? नाही. राउटरमध्ये रिझर्वेशनची सोयच नसेल तर तोच मार्ग. फक्त पत्ता पूलच्या बाहेरचा घ्या. पूल १०० ते १९९ असेल तर २ ते ९९ मधला कुठलाही, जो तुम्ही दुसऱ्या कुणाला दिलेला नाही. एसटीत कंडक्टरची स्वतःची सीट असते, ती कधीच बुकिंगला जात नाही, तसं. चूक स्टॅटिक करण्यात नव्हती. राउटर जे पत्ते वाटतोय त्यांतलाच एक त्याला न सांगता घेण्यात होती.

मोठ्या ऑफिसात हेच काम वेगळ्या डीएचसीपी सर्व्हरवर होतं. पुढे एक प्रिंट सर्व्हर असतो आणि लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये प्रिंटरचा आकडा नाही, सर्व्हरचं नाव असतं. प्रिंटरचा पत्ता बदलला तर एकाच ठिकाणी दुरुस्ती. तत्त्व तेच: नोंद एका जागी.

आणि फोनवरून प्रिंट?

आपल्यातले बरेच जण फोनवरूनच प्रिंट देतात. तिथं कुणी पत्ता टाकत नाही, प्रिंटर आपोआप दिसतो. २०१० मध्ये ॲपलनं एअरप्रिंट आणलं, अँड्रॉइडकडे मोप्रियाची सोय आली. यांत फोन नेटवर्कवर ओरडतो, "इथं प्रिंटर कोण आहे?" आणि प्रिंटर स्वतःचं नाव आणि पत्ता सांगतो. पत्ता बदलला तरी नावावरून सापडतो. पण दोघांचा एकच पत्ता झाला तर इथंही घोळ होतोच.

फोनवर प्रिंटर दिसतच नसेल तर आधी बघा, तुम्ही गेस्ट वाय-फायवर आहात का? गेस्ट नेटवर्क आतल्या यंत्रांपासून मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं. तिथून हाक पोचत नाही, आणि ते योग्यच आहे.

अजून एक. आजचे फोन वाय-फायला खरा मॅक न सांगता बदललेला मॅक सांगतात. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून हे सर्रास आहे. प्रायव्हसीसाठी चांगलं. पण राउटरच्या यादीत कोण कुठला हे ओळखता येत नाही, आणि पाहुणे वाढले की पूल भराभर संपतो. गिऱ्हाइकांना ऑफिसच्या मुख्य वाय-फायचा पासवर्ड देऊ नका. गेस्ट चालू करून तो द्या.

दार बाहेरच्या बाजूला उघडू नका

शेवटचा मुद्दा. पत्ता पक्का झाला की कुणीतरी सुचवतं, "घरून पण प्रिंट देता येईल, राउटरवर पोर्ट उघडून दे." नको! बरेच नेटवर्क प्रिंटर ९१०० नंबरच्या पोर्टवर जो येईल त्याचा कागद छापतात, तू कोण म्हणून विचारतही नाहीत.

२०१८ च्या शेवटी प्यूडीपाय विरुद्ध टी-सीरीज अशी सबस्क्रायबरची मारामारी चालू होती, आठवतंय? तेव्हा एका हॅकरनं इंटरनेटवर असे उघडे प्रिंटर शोधून त्यांच्यावर 'प्यूडीपायला सबस्क्राइब करा' असे कागद छापले. त्याच्या म्हणण्यानुसार सुमारे ५० हजार प्रिंटरवर. त्यानं नुसता मजकूर छापला. मामाच्या प्रिंटरमधून लोकांची पॅन कार्डं आणि उत्पन्नाचे आकडे जातात. ते दार बंदच बरं.

पुढे काय झालं

त्या दिवशी रिझर्वेशन मी नाही केलं, त्या पोरानं केलं. मी फोनवर सांगत होतो, तो राउटरच्या पानावर भरत होता. मॅकमधला एक आकडा मी चुकीचा वाचला, तो म्हणाला, "दादा, आठ नाही, बी आहे तो." बरोबर होता. चार वाजता पहिली प्रिंट आली, सहाच्या आत बाहेरचे सगळे जण कागद घेऊन गेले. साडेसहा हजार वाचले.

मग मी मामाला फोन करून सरळ सांगितलं, "मामा, मे महिन्यात मी चुकीचं सेटिंग करून गेलो होतो. त्या पोराचा काही संबंध नाही. उलट कारण त्यालाच आधी कळलं होतं, फक्त तो घाबरून बोलला नाही." मामा क्षणभर गप्प. मग म्हणाला, "बरं. आणि श्रीखंड परत दे माझं."

तो मुलगा अजून तिथंच आहे. राउटरचा पासवर्ड आता त्याच्याकडे असतो. प्रिंटरवरची चिठ्ठीही त्याच्याच अक्षरातली आहे.

तुमच्या ऑफिसात प्रिंटर रोज रुसत असेल, तर त्याच्याशेजारी उभ्या असलेल्या माणसावर ओरडण्याआधी एक पान छापा आणि पत्ता बघा. भेटू पुढच्या भागात!